दारू सोडवताना घरच्यांनी या चुका टाळाव्यात

माझ्या थोरल्या भावाची दारू सोडवण्याचा आम्ही केलेला पहिला प्रयत्न त्याच्या जिवावर बेतला होता. घरात लग्न होते, नागपूरभरचे पाहुणे येणार होते आणि चारचौघांत शोभा नको म्हणून आम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली आणि दारू एकदम बंद केली. पहिल्या दिवशी त्याचे हात इतके थरथरत होते की चहा कपातून बशीत आणि बशीतून चादरीवर सांडत होता. तिसऱ्या रात्री तो त्या चादरीवरच्या मुंग्या झटकू लागला, आणि चादरीवर एकही मुंगी नव्हती. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. वहिनींनी मात्र कोणाचे न ऐकता ऑटो बोलावला आणि पहाटे आम्ही त्याला मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेले.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी अचानक तोडणे ही सर्वांत मोठी चूक आहे. शरीराला दारूची सवय जडलेली असते. ती थांबली की साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम आणि मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ७२ तासांच्या सुमारास काही जणांना ताप, भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे असा त्रास होतो, ज्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर त्यात माणूस दगावू शकतो. ही बाहेरची बाधा नव्हे आणि नाटक तर मुळीच नव्हे. डॉक्टर योग्य मात्रेत औषधे देऊन हा काळ सुखरूप पार पाडतात.

याच टप्प्यावर आणखी एक चूक होते, ती म्हणजे अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजचे सलाईन लावून घेणे. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, मोठी कमतरता असते आणि थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून रुग्ण किती पितो, हे सलाईन लावणाऱ्याला आधी स्पष्ट सांगावे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि कोराडी मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालय येथे मनोविकारतज्ज्ञ असतात. केवळ लोक काय म्हणतील या भीतीने तिकडची वाट टाळू नये.

‘पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून वरणात पूड किंवा गोळी मिसळणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांची अगतिकता मला समजते. तरीही हे करू नये. डायसल्फिरॅम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या होणे, रक्तदाब कोसळणे असे परिणाम होतात. हृदयविकार असलेल्याच्या जिवावरही बेतू शकते. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ते औषध तपासण्या करून, रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालते. दिवाळीत गच्चीवरचा कूलर झाकायला गेलो, तेव्हा त्याच्या कोरड्या टाकीत पन्नीत गुंडाळलेले तीन पव्वे सापडले. त्यानंतर वर्षभर आम्ही घर धुंडाळत राहिलो आणि दादा नवनवीन जागा शोधत राहिला. त्याच काळात वहिनी त्याच्या कार्यालयात ‘ताप आहे’ असा निरोप देत होत्या आणि मी त्याची उधारी फेडत होतो. आपण त्याला सांभाळतो आहोत, असे आम्हाला वाटे. प्रत्यक्षात दारूचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नव्हतो. त्याच्या जेवणाखाण्याची आणि औषधाची काळजी घ्यावी, पण त्याच्या वतीने खोटे बोलू नये. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा स्वतंत्र गट १९५१ पासून काम करतो; तो नव्याने उभे राहण्याचे बळ घरच्यांनाही हवे असते म्हणूनच.

केंद्र निवडताना घाई करू नये. हमखास बरे करण्याची हमी देणारे, रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारे आणि महिनोन्महिने भेटू न देणारे केंद्र टाळावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, नोंदणी आहे का आणि कुटुंबाचे समुपदेशन होते का, हे आधी विचारावे.

घरी परतल्यावर पोळ्याची कर, हळदीचे कार्यक्रम, जुने सोबती हे प्रसंग ठरलेले असतात. त्या दिवशी तो कुठे असेल, कोणासोबत असेल, हे त्याच्याशी बोलूनच आधी ठरवावे. दारू सुटल्यावर खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) दुप्पट होतो, त्याकडेही ‘एवढे तर चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष करू नये. पाय घसरला, तर ‘सगळे पाण्यात गेले’ असे म्हणून त्याला घराबाहेर काढू नये. मधुमेहात साखर पुन्हा वाढल्यावर जसे डॉक्टरकडे जातो, तसे त्याच आठवड्यात जावे. दादा दोनदा घसरला होता. तातडीचा सल्ला हवा असल्यास १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा विनाशुल्क आहेत.

त्या पहाटे डॉक्टरांनी आम्हाला चार प्रश्न विचारले होते: शेवटची दारू कधी घेतली, रोज किती घेतो, पूर्वी फिट आली होती का, इतर कोणत्या गोळ्या किंवा नशा चालू आहे का. आम्ही भाऊ-बहिणी एकमेकांकडे पाहत राहिलो. वहिनींनी पदरात बांधून आणलेला कॅलेंडरचा फाटका कागद काढला. त्यामागे दीड महिन्याच्या नोंदी होत्या. दवाखान्यात जाताना असा कागद सोबत न्यावा.