इझाकायात चौघं-पाच जण जाताना

जपानमधल्या इझाकायात, म्हणजे पिता-पिता खायच्या साध्या ठिकाणी, बसल्याबसल्या न मागवता एक छोटी वाटी समोर येते. ती ‘ओतोशी’. फुकट नसते, माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. तो बसण्याचा आकार समजा, हुज्जत नको.

एकदम दहा पदार्थ मागवू नका. जे तयार होईल ते आधी येतं, टेबल चिंचोळं असतं आणि तळणीचे पदार्थ गार होतात. दोन-तीन मागवा, मग पुढचे.

‘नोमिहोदाई’, म्हणजे ठरावीक पैशांत हवं तेवढं पेय, बहुधा ९० किंवा १२० मिनिटांचं असतं आणि शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या आधीच घेतात. बऱ्याच ठिकाणी ते टेबलावरच्या सगळ्यांनाच घ्यावं लागतं. दोघं न पिणारे असतील तर सुटं मागवलेलं स्वस्त पडतं.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांस नाही, दाशी. वाळवलेल्या बोनितो माशाचा हा अर्क मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, आगेदाशी तोफू (तळलेला तोफू), अगदी उकडलेल्या भाज्यांतही असतो. त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) आणि काप्पामाकी (काकडीचे सुशी रोल) त्यातल्या त्यात बिनधोक. गार तोफूवर माशाचा कीस भुरभुरतात. मागवतानाच ‘कात्सुओबुशी नुकी दे’, म्हणजे ‘माशाचा कीस वगळून’, असं म्हणा.

बिल बहुधा एकच येतं, गल्ल्यावर भरायचं. वाटणी आपसात करा, हजार येनच्या नोटा जवळ असू द्या. टीप ठेवू नका. विसरलात समजून वेटर मागे धावत येईल.