‘हाबन’ की ‘झाइन’? आधी ‘ने’ शोधा

जर्मन शिकायला लागले तेव्हा मी इंग्रजीवरून वाक्यं बेतायची. ‘आय हॅव गॉन’, म्हणून ‘इश हाबे गेगांगन’. वहीत दर वेळी लाल गोल. बरोबर वाक्य होतं ‘इश बिन गेगांगन’. घडलेली गोष्ट बोलताना जर्मन लोक बहुतेक हाच काळ वापरतात. त्यामुळे साहाय्यक क्रियापद ‘हाबन’ (जवळ असणे) घ्यायचं की ‘झाइन’ (असणे), हा प्रश्न पावलोपावली येतो. ‘हाबे’, ‘हाट’ ही ‘हाबन’ची रूपं; ‘बिन’, ‘इस्ट’ ही ‘झाइन’ची.

एकदा गृहपाठ करताना शेजारी मराठी वाक्यं लिहिली आणि गाठ सुटली. त्याने खाल्लं: ‘हाट गेगेसन’. तो गेला: ‘इस्ट गेगांगन’. मराठीत ‘ने’ लागला की ‘हाबन’. तो आला, पडला, मेला, राहिला, यांत ‘ने’ नाही आणि जर्मनमध्ये ‘झाइन’ येतं. ‘फारन’ हे क्रियापद तर दोन्हीकडे जातं: तो बर्लिनला गेला, ‘इस्ट गेफारन’, त्याने गाडी चालवली, ‘हाट गेफारन’. पडताळा तृतीय पुरुषातच करा, कारण ‘मी खाल्लं’मध्ये ‘ने’ दिसतच नाही.

‘ने’ असला तर ही युक्ती सहसा दगा देत नाही. नसला, तर मात्र सावध राहा. तो हसला, रडला, बोलला, विसरला, शिकला: मराठीत ‘ने’ नाही, तरी जर्मनमध्ये ‘हाबन’च. तो जेवला, हेही तसंच! म्हणून ‘ने’ नसेल तेव्हा दुसरा प्रश्न विचारा: जागा बदलली का, अवस्था बदलली का? तो रात्रभर झोपला, ‘हाट गेश्लाफन’. त्याला झोप लागली, जागेपणाची अवस्था बदलली, म्हणून ‘इस्ट आइनगेश्लाफन’. ‘राहणे’ (थांबणे, मागे राहणे या अर्थी) आणि खुद्द ‘असणे’ यांत काहीच बदलत नाही, तरी त्यांना ‘झाइन’ लागतं. ही दोन पाठच करा.

स्पॅनिशमध्ये हा प्रश्न उरलेला नाही, सगळीकडे ‘आबेर’. फ्रेंच आणि इटालियनमध्ये तो आहे, आणि तिथे मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. तो गेला, ती गेली: इटालियनमध्ये ‘ए अंदातो’, ‘ए अंदाता’. आवडणेसुद्धा आपल्यासारखंच, ‘मला आवडलं’ म्हणजे ‘मी ए प्याच्यूतो’, असणेवालं. जर्मनमध्ये मात्र त्याच अर्थाच्या ‘गेफालन’ला ‘हाबन’ लागतं, तेव्हा एका भाषेचा नियम दुसरीत नेऊ नका.

मला सगळ्यात आनंद झाला तो इटालियन ‘लो स्क्रित्ता’ ऐकून. चिठ्ठी, ‘लेत्तेरा’, तिकडेही स्त्रीलिंगी. म्हणून ‘ती मी लिहिली’मध्ये शेवटी ‘ता’. लॅटिनमध्ये या रचनेचं मूळ ‘माझ्याकडे चिठ्ठी लिहिलेली आहे’ अशा धर्तीचं होतं, त्यामुळे ‘लिहिलेली’ हे धातुसाधित चिठ्ठीच्या लिंगाने चालायचं. आपण आजही तेच करतो. इटालियनमध्ये मात्र सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं तरच असं होतं. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे ‘ओ स्क्रित्तो उना लेत्तेरा’, पुरुषी ‘तो’सकट. इथे मराठी कान आवरावा लागतो, कारण त्याला ‘चिठ्ठी लिहिला’ ऐकवत नाही.