नियम मुद्दाम मोडून बघायचाय? मग लोक काय कारण शोधतात तिकडे लक्ष ठेवा

लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहायचं, अख्खी बस रिकामी असताना अनोळखी माणसाला चिकटून बसायचं नाही, कोणी "कसं काय?" विचारलं की "ठीक" म्हणून पुढे जायचं... हे नियम कुठे लिहिलेले नसतात, कोणी समोर बसवून शिकवतही नाही, आणि ते आहेत हे कळतं तेही कोणीतरी मोडल्यावरच. म्हणून एखादा मुद्दाम मोडून बघायचा. याला ब्रीचिंग एक्सपेरिमेंट म्हणतात. हॅरॉल्ड गार्फिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या आसपास आपल्या विद्यार्थ्यांना असे प्रयोग करायला लावले होते, तेव्हापासून समाजशास्त्राच्या वर्गांत ते होत आलेत.

हा प्रँक नाही हे मात्र आधीच डोक्यात पक्कं करा. प्रँकमध्ये समोरच्याची फजिती हवी असते, इथे ती नकोय. इथे बघायचं असतं की वागणं समजेनासं झालं की माणसं ते परत समजण्यासारखं कसं करून घेतात. माझ्या मते सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच आहे, लोक चिडले किती हे त्यामानाने फार कमी महत्त्वाचं.

आता नियम कुठला निवडायचा. माझी कसोटी साधी आहे, जास्तीत जास्त काय होईल तर समोरचा दोन मिनिटं गोंधळेल, एवढंच चालेल. भीती वाटेल, पैसे जातील, काम अडेल, कुणाच्या दुःखाच्या किंवा श्रद्धेच्या जागी ढवळाढवळ होईल असं काहीही नको, आणि कायदा मोडणं तर नाहीच. जो माणूस तिथून उठून जाऊ शकत नाही, म्हणजे काउंटरवरचा कर्मचारी, पेशंट, लहान मूल, त्याच्यावर प्रयोग करू नका. अंतराचे प्रयोग, म्हणजे अनोळखी माणसाच्या फार जवळ जाणं, मी तरी टाळायलाच सांगेन. १९६६ मध्ये नॅन्सी फेलिपे आणि रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञांचा असा एक अभ्यास छापून आला होता, लायब्ररीत एकट्या बसलेल्या विद्यार्थिनींच्या अगदी शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि बघायचं. अर्ध्या तासात सुमारे ७० टक्के जणी उठून गेल्या. तोंडाने "जरा सरकता का" म्हणणारी जवळजवळ कोणीच नव्हती, पुस्तकांची भिंत करणं, कोपर मध्ये आणणं, पाठ फिरवणं आणि मग निघून जाणं. शिकायला भरपूर आहे यातून, पण ते त्यांनी करून ठेवलंय, परत कोणाला तसं अवघडवायची गरज नाही.

सुरुवातीला चांगले प्रयोग म्हणजे लिफ्टमध्ये मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, किंवा मित्राने सहज "कसं चाललंय?" विचारलं की "म्हणजे नक्की कशाबद्दल विचारतोयस, तब्येत, काम की मनःस्थिती?" असं अगदी मनापासून विचारणं. दुसरा प्रयोग गार्फिंकलच्या विद्यार्थ्यांचाच आहे आणि दिसतो त्यापेक्षा खूप जड जातो, कारण समोरचा पटकन वैतागतो, तेव्हा एक-दोन प्रश्नांवर थांबा.

जाण्याआधी कागदावर लिहून ठेवा की तुम्हाला काय होईल असं वाटतंय. हे टाळू नका, नंतर सगळ्यांनाच वाटतं की "मला माहीतच होतं". शक्य असेल तर बघायला दुसरा माणूस घ्या, तो थोडा लांब उभा राहील आणि तुमच्याकडे नाही तर लोकांकडे बघेल, कारण ऐन वेळी तुमचं अर्धं लक्ष स्वतःच्या धडधडीकडेच असणार. आणि त्याच जागी, त्याच वेळेला आधी नियम पाळूनही उभे राहा. नेहमी लोक किती वेळा वर बघतात, मोबाईल काढतात हे माहीत नसेल तर नियम मोडल्यावर काय बदललं ते कशावरून सांगणार?

प्रत्यक्ष करताना दोनच गोष्टी सांभाळायच्या, हसायचं नाही आणि कारण द्यायचं नाही. हसलात की लोकांना "अच्छा, गंमत चाललीय" हे उत्तर आयतं मिळतं आणि प्रयोग तिथेच संपतो. कारणाचंही तसंच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनली मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या सबवेमध्ये बसलेल्या लोकांना काहीही कारण न देता सरळ विचारलं, माफ करा, तुमची सीट मला द्याल का? सुमारे ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली! आणि "उभ्याने पुस्तक वाचता येत नाही" असं फुटकळ कारण जोडलं तेव्हा हा आकडा ४२ टक्क्यांवर आला. कारण नसलं की माणूस स्वतःच ते भरून काढतो, याची तब्येत बरी नसेल वगैरे. कारण दिलं की ते तोलता येतं, आणि मग नाही म्हणणंही सोपं जातं. खुद्द मिलग्रमने हे करून पाहिलं तेव्हा शब्द घशातच अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण आजारी दिसलंच पाहिजे असं त्याला वाटायला लागलं आणि खरोखर तसं झालंही. म्हणजे नियम मोडणारासुद्धा स्वतःला कारण शोधत असतो, त्यामुळे तुमच्या अंगात काय झालं, घाम, आवाज, पळून जावंसं वाटणं, तेही निरीक्षण म्हणून लिहा.

लिहायचं काय? "लोक विचित्र नजरेने बघत होते" हे उपयोगाचं नाही. पहिली हालचाल किती सेकंदांनी झाली, डोळे कुठे गेले, लोकांनी एकमेकांकडे बघितलं का, कोण बोललं आणि नेमके शब्द काय. शब्द जसेच्या तसे लिहा कारण कारणं त्यातच सापडतात: "बरं वाटत नाहीये का?", "काही शोधताय का?", "शूटिंग चाललंय का?". गार्फिंकलने फुल्लीगोळ्याचा खेळ घेतला होता, समोरच्याने खूण केली की ती पुसून दुसऱ्या घरात टाकायची, मग आपली खूण करायची, आणि काही विशेष झालंच नाही असं दाखवायचं. ज्यांनी "हा काहीतरी नवीन खेळ दिसतोय" असं धरलं ते फारसे बिथरले नाहीत, जे जुन्याच नियमांत बसवायला बघत राहिले त्यांची जास्त तगमग झाली. तुमच्या नोंदींमध्येही ही फूट शोधा, कारण सापडलेले आणि न सापडलेले.

झालं की सांगून टाका, शांतपणे, माफी मागून. ज्याच्याशी तुम्ही बोललात त्याला तर नक्कीच. घरच्यांवर प्रयोग करणार असाल तर जास्तच जपा. गार्फिंकलचे विद्यार्थी स्वतःच्या घरी पाहुण्या भाडेकरूसारखे अति अदबीने वागले तेव्हा घरचे म्हणायला लागले की आजारी आहेस का, कॉलेजात ताण झालाय का, भांडण झालंय का, आणि खरं सांगितल्यावरही सगळ्यांना ते आवडलं नाही. एका बहिणीने तर सांगितलं की असले प्रयोग पुन्हा नकोत, आम्ही उंदीर नाही. व्हिडिओ काढून टाकू नका, समोरच्याने हो म्हटलेलं नाही.

आणि एकदा करून सोडू नका. गार्फिंकलने ज्या विद्यार्थ्यांना दुकानात ठरलेल्या किमतीच्या वस्तूवर घासाघीस करायला सांगितलं होतं त्यांच्यामध्ये सगळ्यात जास्त भीती दुकानात शिरण्याआधी होती, आणि ज्यांना अनेक वेळा करायचं होतं त्यातल्या बहुतेकांना तिसऱ्या वेळेपर्यंत मजा यायला लागली होती. पहिल्या वेळी तुम्ही जास्त करून स्वतःलाच बघता, लोक दिसायला लागतात ते नंतर. दर वेळी एकच गोष्ट बदला, जागा तीच ठेवून वेळ, नाहीतर वेळ तीच ठेवून सोबत एक मित्र, तो पण भिंतीकडेच तोंड करून.