रंगाच्या बादलीत खत, तेलाच्या डब्यात मेथी

भाजीची देठं आणि फळांची सालं नुसती बादलीत टाकत गेलं की वास सुटतो, चिलटं होतात आणि आठवड्याभरात घरचे म्हणतात, बंद करा हे. दोष ओल्या कचऱ्याचा नसतो, सुका कमी पडलेला असतो. म्हणून आधी पाला जमवा. माघ-फाल्गुनात पानगळ होते तेव्हा बदामाचा, पिंपळाचा पाला हवा तेवढा मिळतो. दोन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात तोच शोधत फिरावं लागतं.

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली खरवडून धुवा. तापवलेल्या खिळ्याने तळाला पाच-सहा आणि बाजूंना पंधरा-वीस भोकं पाडा. दोन विटांवर ठेवून खाली ताटली सरकवा, नाहीतर खालच्या मजल्यावर पाणी गळेल. तळाशी दोन इंच नारळाच्या शेंड्या, त्यावर मूठभर जुनं शेणखत. मग रोज बोटाच्या पेराएवढा चिरलेला ओला कचरा एक वाटी आणि चुरलेला पाला दोन वाट्या. वरचा थर नेहमी पाल्याचाच. शिजलेलं अन्न, तेल, मीठ, हाडं घालू नका. चहाचा चोथा धुऊनच घाला, साखर राहिली की मुंग्या येतात.

दर तीन दिवसांनी काठीने हलवा आणि एक मूठ दाबून बघा. बोटांतून पाणी ठिबकलं तर पाला वाढवा. मूठ उघडताच सगळं सुटं झालं तर पाणी शिंपडा. नाकाला झोंबणारा वास म्हणजे ओलं जास्त, सडल्याचा वास म्हणजे आत हवा नाही. खत साधारण दोन महिन्यांत तयार होतं. काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं झालं की चाळा. अर्धकच्चं वापरायची घाई करू नका: ते कुंडीत कुजत राहतं, मातीतला नत्र खातं आणि रोपं पिवळी पडतात. चाळणीवर उरलेला भरडा पुढच्या बादलीत विरजणासारखा घाला.

तेलाचा 5 लिटरचा प्लास्टिकचा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापा, साबणाने धुवा, तळाला भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग शेंड्यांचा भुगा भरा. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरा आणि अर्धा इंच मातीने झाका. चार दिवसांत उगवतात, तीन-साडेतीन आठवड्यांत भाजी निघते. धने मात्र लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून पेरा आणि दहा-बारा दिवस धीर धरा. एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, तेव्हा डबा दुपारच्या सावलीत सरकवा.

डब्यातल्या रोपांना तांदळाचं धुवण घालायचं तर त्याच दिवशी घाला, शिळं झालं की आंबतं.