स्मोकजंपर व्हायचंय? मग आधी शेवटचे शंभर फूट शिका

अमेरिकेत स्मोकजंपरांचा, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरून वणवा विझवणाऱ्यांचा, तळ मिसूला असो, मॅकॉल असो की रेडिंग, प्रशिक्षणातून बाहेर पडायची वेळ आगीमुळे क्वचितच येते. घोटा, गुडघा नाहीतर पाठ जाते, आणि जाते ती जमीन गाठताना. विमानाच्या दाराशी पोटात गोळा येणं अगदी स्वाभाविक आहे, त्याची चिंता करू नका.

1940 साली आयडाहोत आगीवर पहिली उडी पडली तेव्हा पॅराशूट गोल होतं. आताचं चौकोनी रॅम-एअर, म्हणजे समोरून हवा भरून पंखासारखं फुगणारं पॅराशूट, वाऱ्यात जास्त आज्ञाधारक आहे, आणि खरा सापळा तिथेच आहे. एक टॉगल, म्हणजे वळायच्या दोरीची मूठ, खेचलं की ती बाजू मंदावते, दुसरी पुढे धावते, पॅराशूट कलतं. कललेलं पॅराशूट नुसतं वळत नाही, सूर मारतं. दोऱ्यांच्या टोकाचे तुम्ही लंबकासारखे बाहेर फेकले जाता. टॉगल सोडलं तरी पुन्हा पॅराशूटखाली यायला उंची लागते. ती नसेल तर तुम्ही तिरके आदळता, तेही सूर मारण्याच्या वेगाने. वारा पाठीशी आहे हे उशिरा कळतं, समोर ओंडका दिसतो आणि हात आपोआप खेचला जातो. खेचू नका! शंभरेक फुटांखाली मोठं वळण नाहीच. पाठवाऱ्याने उतरा, पण पंख सपाट ठेवा, दोन्ही टॉगल एकदम ओढा, पाय-गुडघे जुळवा आणि लोळा: चवडे, पोटरी, मांडीची बाजू, कुल्ला, मग पाठीची बाजू. एक पाय पुढे काढलात की सगळं वजन त्याच घोट्यावर.

आधी हौशी स्कायडायव्हिंग करून यावं, हा सल्ला मला पटत नाही. मोकळ्या मैदानावर उभ्याने उतरायची सवय लागते, आणि उतारावरच्या दगडांत तीच पाय मोडते.

झाडात अडकलात तर घाई नको. पॅराशूट कधीही निसटू शकतं, म्हणून आधी खाली उतरायचा दोर कमरेच्या कड्यांतून ओवा, पॅराशूटच्या ताणलेल्या पट्ट्याला बांधा, ढील पूर्ण काढा. पट्टे सोडायचे ते त्यानंतर. ढील राहिली तर तेवढं अंतर तुम्ही थेट पडता.

दुखणं गिळायला सांगणारा गुरू टाळा. घोटा सुजला तर त्याच दिवशी दाखवा. 110 पौंडांचं ओझं घेऊन 3 मैल 90 मिनिटांत चालायची चाचणी त्याच घोट्यावर द्यायची असते, आणि आग विझल्यावर सगळं सामान पाठीवर घेऊन रस्ता गाठायचा तोही त्याच्यावरच.