कोडिंगच्या कोर्सचे धडे एकसारखे कसे लिहावेत

सहाव्या धड्यापर्यंत ‘व्हेरिएबल’ म्हटलेल्या गोष्टीला सातव्या धड्यात ‘चल’ म्हटले, की नवशिका अडतो. हे नवीन काहीतरी आहे की जुनेच, हे त्याला कळायला मार्ग नसतो. कोड शिकताना त्याचे सगळे लक्ष नव्या गोष्टीवर हवे, मांडणीचा उलगडा करण्यावर नको. इथे वीसेक धड्यांचा, मार्कडाउन (साध्या मजकुरात चिन्हे घालून मांडणी करण्याची पद्धत) फाइलींत लिहिलेला, मराठीतून पायथन शिकवणारा कोर्स धरला आहे.

१. सुरुवात मधल्या धड्यापासून करा

पहिला धडा बहुधा पायथन इन्स्टॉल करण्याचा असतो. त्यावरून साचा बेतला तर तो पुढे कुठेच बसत नाही. त्याऐवजी ‘फॉर लूप’चा धडा आधी पूर्ण लिहा, मग फंक्शनचा. दोन्हींत जे भाग आपसूक सारखे आले, तोच तुमचा साचा. तो साधारण असा निघतो:

- धड्यानंतर काय करता येईल, ते एका वाक्यात. ‘लूप समजेल’ असे नको. ‘बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज लूपने करता येईल’ असे तपासता येणारे हवे.
- आधी कोणते धडे झालेले असावेत.
- चालणारा छोटा प्रोग्रॅम, फार तर १५ ओळींचा, आणि त्याचे आउटपुट.
- त्या प्रोग्रॅमचे स्पष्टीकरण.
- नेहमी होणारी एक चूक आणि तेव्हा दिसणारा एरर.
- तीन सराव. उत्तरे वेगळ्या फाइलीत.

स्पष्टीकरण प्रोग्रॅमच्या नंतरच ठेवा. आधी दोन परिच्छेद व्याख्या वाचून कोणी कोड लिहायला शिकत नाही.

२. निर्णयांचे एक पान

साचा ठरला की एका फाइलीत निर्णय लिहून काढा. संज्ञा कोणत्या, हे तर हवेच. पण मराठीत खरा घोळ लिंगाचा होतो. ‘तो लूप’ की ‘ते लूप’? ‘तो कोड’, ‘ते फंक्शन’, ‘ती लिस्ट’, ‘ती स्ट्रिंग’ अशी यादीच करा, कारण त्यावर पुढची क्रियापदे आणि विशेषणे ठरतात. ‘प्रोग्रॅम’ की ‘प्रोग्राम’, ‘फाइल’ की ‘फाईल’ हेही इथेच ठरवा. सूचना ‘करा’ अशी द्यायची की ‘करावे’ अशी, तेही एकदाच. ‘आता आपण पाहू’ आणि ‘आता लिहा’ यांची सरमिसळ एका धड्यात खटकत नाही, वीस धड्यांत खटकते.

पायथनची आवृत्ती याच पानावर लिहा. ‘इफ’च्या ओळीतला कोलन राहिला की ३.१० पूर्वी नुसते ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ दिसायचे, ३.१० पासून कोलन अपेक्षित होता असे स्पष्ट सांगितले जाते. धड्यातला एरर आणि शिकणाऱ्याच्या पडद्यावरचा एरर वेगळा दिसला, तर त्याला स्वतःचेच काही चुकले असे वाटते.

३. कोडचे चौकोन

प्रत्येक कोडच्या आधी आणि नंतर तीन उलट्या टिकल्या (बॅकटिक, ```) ठेवा आणि सुरुवातीच्या टिकल्यांना लागून भाषेचे नाव लिहा. त्यावरून रंग लागतात. आउटपुटचा चौकोन वेगळा करा. कोडच्या चौकोनात पायथनचे तीन बाण (>>>) किंवा टर्मिनलचे डॉलरचिन्ह ($) घालू नका. लोक ते चिन्हासकट कॉपी करतात आणि पहिल्याच ओळीला एरर येतो.

कोडच्या ओळी आत ओढण्यासाठी सगळीकडे चार स्पेस वापरा. एकाच ब्लॉकमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले तर पायथन ‘टॅबएरर’ देऊन थांबू शकतो, आणि डोळ्यांना तर ओळी एका रेषेत दिसत असतात. पायथनच्या शैलीचे नियम, म्हणजे पेप ८, ओळीला ७९ अक्षरांची मुभा देतात. पण बरेच जण मोबाइलवर वाचतात, म्हणून साठाच्या आसपास थांबा.

कोड वर्डमध्ये टाइप करू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळलेली करतो आणि पायथनला ती चालत नाहीत. कोडचे स्क्रीनशॉटही नकोत: त्यातून कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, आणि आवृत्ती बदलली की पुन्हा काढावे लागतात.

४. देवनागरी जिथे अडते

याबद्दल इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा काही सापडत नाही. मार्कडाउनची क्रमवार यादी इंग्रजी अंकांनीच बनते. ‘१.’ असे देवनागरीत लिहिले तर तो साधा मजकूर ठरतो आणि सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात चिकटतात. पायरीच्या मध्ये कोड असेल तर तो पायरीच्या मजकुराइतकाच आत ओढा, नाहीतर यादी तिथेच तुटते.

पायथन कोडमध्ये देवनागरी अंक थेट लिहिता येत नाही, एरर येतो. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने ‘५’ टाइप केला आणि तो ‘इंट’मधून (मजकुराचा पूर्णांक करणारे फंक्शन) नेला, तर बिनतक्रार ५ मिळतात. म्हणून नियम सोपा ठेवा: गद्यात देवनागरी अंक, कोड आणि आउटपुटमध्ये इंग्रजी.

स्ट्रिंगच्या धड्यात ‘नमस्ते’ची लांबी विचारली तर उत्तर ६ येते. वाचणारा तीन अक्षरे मोजतो. पायथन हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजतो. हे उदाहरण स्पष्टीकरणासह द्या, किंवा तिथे इंग्रजी शब्द घ्या. आणि फाइल उघडायच्या प्रत्येक उदाहरणात एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८’ असे लिहा. नाहीतर विंडोजवर मराठी मजकुराचा विचका होण्याची भीती असते.

५. एकच उदाहरण, शेवटपर्यंत

विजेच्या बिलाचा हिशेब घ्या. व्हेरिएबलमध्ये युनिट, ‘इफ’मध्ये दरांचे टप्पे, लिस्टमध्ये बारा महिने, मग त्याचेच फंक्शन. दर काल्पनिक ठेवा आणि तसे सांगा. खरे दर बदलले की धडा शिळा होतो. व्हेरिएबलची नावेही तीच ठेवा: तिसऱ्या धड्यात ‘युनिट्स’ असेल तर नवव्यात ‘यू’ नको.

६. तपासणी

फाइलींना ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्या, नाहीतर बऱ्याच ठिकाणी दहावा धडा दुसऱ्याच्या आधी दिसतो. हे अंकही इंग्रजीच. धडा नोटबुकमध्ये (कोडचे तुकडे, म्हणजे सेल, एकेक करून चालवता येणारी फाइल) असेल तर ‘रिस्टार्ट’ करून वरपासून खालपर्यंत चालवा. सेल उलटसुलट चालवल्यामुळे झाकलेल्या चुका तेव्हाच उघड्या पडतात. शीर्षकांच्या पातळ्या आणि रिकाम्या ओळी मार्कडाउनलिंट या मांडणी तपासणाऱ्या साधनाकडे सोपवा.

संज्ञा मात्र स्वतःच शोधाव्या लागतात, आणि नुसता मूळ शब्द शोधून भागत नाही. ‘फाइल’ शोधले की ‘फाइलीत’ सापडते, पण कुठेतरी ‘फायलीत’ लिहिले असेल तर ते निसटते. निर्णयांच्या पानावर प्रत्येक संज्ञेपुढे तिची सामान्यरूपे आणि टाळायची रूपेही लिहून ठेवा, आणि शोधताना ती सगळी एकेक करून टाका.