मोबाइलच्या लहरी आपल्या वाट्याला किती येतात, हे कसे अजमावावे

गोव्यातल्या ग्रामसभांत टॉवरचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी अडते: "आमच्या घरापर्यंत किती रेडिएशन येते?" प्रश्न रास्त आहे; मात्र तो विचारणाऱ्याच्या खिशात जो फोन असतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. रोज फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या वाट्याला येणाऱ्या रेडिओलहरींचा मोठा भाग कानाला लावलेल्या हँडसेटकडून येतो, दूरच्या टॉवरकडून नव्हे. म्हणून येथे मोजमापाचा क्रम मुद्दाम उलटा धरला आहे: आधी फोन, मग घर आणि शेवटी टॉवर.

मोजायच्या राशी दोन आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सारे गणित फसते. पहिली राशी म्हणजे शरीराबाहेर, हवेत असलेले विद्युतचुंबकीय क्षेत्र. ते व्होल्ट प्रति मीटर किंवा वॅट प्रति चौरस मीटर या एककांत सांगतात. दुसरी राशी म्हणजे शरीरात प्रत्यक्ष शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचा दर. तो वॅट प्रति किलोग्रॅममध्ये सांगतात आणि त्यालाच एसएआर म्हणतात. टॉवर लांब असतो, त्यामुळे त्याच्यासाठी पहिली राशी पुरेशी आहे. फोनचे तसे नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि कानाला टेकलेला फोन त्याहून कितीतरी जवळ असतो. इतक्या जवळ क्षेत्राची घडण गुंतागुंतीची असते आणि डोके स्वतःच ते क्षेत्र बदलून टाकते. त्यामुळे चालू फोनला मीटर चिकटवून "बघा, काटा कुठे गेला" असे दाखवणाऱ्या चित्रफितींतून शोषणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

एसएआर घरी मोजता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराचे पोकळ कवच घेऊन त्यात शरीराच्या पेशींसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, बाहेरून कानाच्या जागी फोन टेकवून त्याला कमाल शक्तीने प्रसारण करायला लावतात आणि यंत्रमानवाच्या हाताला बसवलेली बारीक शलाका द्रवातून ठरावीक अंतराने फिरवून सर्वांत जास्त शोषण कोठे होते ते शोधतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या एसएआरची मर्यादा १.६ वॅट प्रति किलोग्रॅम आहे आणि सरासरी १ ग्रॅम पेशीसमूहावर काढली जाते. त्याआधी ती १० ग्रॅमवरच्या सरासरीने २ वॅट प्रति किलोग्रॅम होती. आपल्या फोनचा आकडा पाहण्यासाठी डायल पॅडवर *#०७# दाबावे. तो वहीत लिहून ठेवावा, पण त्यावरून दोन फोनांची तुलना करण्याच्या भानगडीत पडू नये. हा आकडा कमाल शक्तीवरचा असतो आणि फोन दिवसभर कमाल शक्तीवर चालत नाही. ०.६ आकड्याचा फोन रेंज नसलेल्या खोलीत वापरणाऱ्याच्या वाट्याला, १.१ आकड्याचा फोन अंगणात वापरणाऱ्यापेक्षा जास्त लहरी सहज येऊ शकतात.

खरी मेख येथेच आहे. टॉवरकडून येणारा सिग्नल जितका क्षीण, तितका फोनला आपला आवाज टॉवरपर्यंत पोचवण्यासाठी जोर लावावा लागतो. फोर-जी फोनची कमाल प्रसारणशक्ती साधारण २०० मिलिवॅट असते; चांगल्या रेंजमध्ये तोच फोन एका मिलिवॅटच्याही खूप खाली उतरू शकतो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे किंवा काणकोण तालुक्यांतल्या डोंगराआडच्या वाड्यांत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तेथे फोन संध्याकाळपर्यंत गरम होऊन बॅटरी का संपवतो, त्याचे एक कारण हेच आहे. टॉवर गावात नको म्हणून भांडणाऱ्या आणि रेंज नाही म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्या गावकऱ्यांना मी हे अनेकदा सांगितले आहे. अर्थात पटले किती, तो भाग निराळा.

तेव्हा पहिले मोजमाप सिग्नलचे. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. पुष्कळ फोनांत *#*#४६३६#*#* दाबूनही ती मिळते, तर आयफोनवर *३००१#१२३४५#* दाबून कॉल केल्यास चाचणीचा पडदा उघडतो. आकडा ऋण असतो. फोर-जीसाठी उणे ८५ म्हणजे चांगली रेंज, उणे १०० म्हणजे मध्यम, आणि उणे ११० च्या खाली गेला की फोन धडपडतो आहे असे समजावे. पडद्यावरच्या दांड्या मोजू नयेत. प्रत्येक कंपनी त्या आपल्या सोयीने दाखवते.

आता हा आकडा घेऊन घरभर फिरावे. आमचे घर जुन्या पद्धतीचे, चिऱ्यांच्या जाड भिंतींचे आणि कौलारू आहे. बलकावात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, उणे ८६, चौकात उणे ९३ आणि देवघराला लागून असलेल्या काळोख्या खोलीत उणे १०८, अशी नोंद माझ्या वहीत आहे. आषाढात भिंती ओल धरतात तेव्हा त्या खोलीतला आकडा आणखी खाली जातो, कारण पाण्याने भिजलेला चिरा लहरी अधिक शोषतो. डीबीएमची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे दर १० चा फरक म्हणजे दहापट. बलकाव आणि आतली खोली यांतला २२ चा फरक म्हणजे सुमारे दीडशेपट. फोन ही तूट पूर्णपणे भरून काढतो असे धरले तर आतल्या खोलीतला एक मिनिटाचा कॉल बलकावातल्या अडीच तासांच्या बरोबरीचा होईल. हे कागदावरचे गणित आहे. प्रत्यक्षात नेटवर्क फोनला किती शक्ती वापरू देते आणि फोनची कमाल मर्यादा कोठे येते यावर ते अवलंबून राहते. तरी दिशा खरी आहे. घरात ब्रॉडबँड असेल तर आतल्या खोलीसाठी वाय-फाय कॉलिंग चालू करावे. तेव्हा फोनला डोंगरापलीकडच्या टॉवरऐवजी भिंतीपलीकडच्या राउटरशी बोलायचे असते.

दुसरे मोजमाप वेळेचे, आणि येथे स्मरणशक्तीवर विसंबू नये. तेरा देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या इंटरफोन अभ्यासात लोकांच्या आठवणी कंपन्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा माणसे कॉलची संख्या कमी सांगतात आणि कॉलची लांबी वाढवून सांगतात असे आढळले. म्हणून सलग सात दिवस, एका रविवारासह, वहीत चार रकाने करावेत: कॉल किती मिनिटांचा, कोठून केला, तेथे सिग्नल किती होता आणि फोन कोठे होता. मिनिटे फोनच्या कॉल नोंदीतून उतरवावीत. चौथा रकाना लोक आळसाने गाळतात, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. कानाला, स्पीकरवर टेबलावर, वायरच्या इअरफोनसह खिशात, की छातीवरच्या खिशात, हे स्पष्ट लिहावे. कानापासून फोन वीतभर दूर गेला तरी डोक्यातले शोषण खूप घटते. कोणत्या कानाला लावला तेही लिहावे, कारण शोषण मुख्यत्वे त्याच बाजूला होते. आपण ऐकत असतो तेव्हा फोन बोलण्याच्या तुलनेत कमी प्रसारण करतो. तेव्हा ज्यांच्या घरी पणजीहून आत्याचा फोन येतो आणि अर्धा तास नुसते "हो, हो" म्हणावे लागते, त्यांनी तो अर्धा तास पुरा धरला नाही तरी चालेल.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमधला प्रवास वेगळ्या ओळीत लिहावा. वाळपईहून पणजीला जाताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, मध्ये रेंजचे खळगे लागतात आणि बसचा पत्रा लहरी अडवतो. त्या तासाभराचा हिशेब घरातल्या तासाभराशी जुळत नाही.

सात दिवसांनी बेरीज करताना मिनिटे तीन ढिगांत घालावीत: चांगल्या रेंजमधली, मध्यम रेंजमधली आणि वाईट रेंजमध्ये फोन कानाला लावून बोललेली. तिसरा ढीग छोटा दिसला तरी बहुतेकांच्या बाबतीत वजन त्याचेच जास्त निघते. माझ्या पहिल्या आठवड्यात एकूण १९० मिनिटांपैकी तिसऱ्या ढिगात अवघी २४ होती, आणि ती सगळी त्या देवघराशेजारच्या खोलीतली होती.

यानंतर मीटर. ॲपच्या दुकानात "ईएमएफ डिटेक्टर" नावाने जी ॲप्स मिळतात ती येथे निरुपयोगी आहेत. ती फोनमधल्या होकायंत्राचा संवेदक वापरतात आणि मायक्रोटेस्लात आकडा दाखवतात. गोव्यात काही न करता ती ४० च्या आसपास दाखवतील, कारण ते पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आहे. मेगाहर्ट्झच्या लहरी त्या संवेदकाला कळतच नाहीत. रेडिओलहरींसाठी तिन्ही दिशांचे क्षेत्र एकत्र मोजणारा मीटर लागतो, आणि विकत किंवा उसना घेण्यापूर्वी त्याची वारंवारतेची कक्षा पाहावी लागते. आपल्याकडे मोबाइलसेवा ७०० मेगाहर्ट्झपासून सुरू होते आणि फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३३०० च्या पुढे आहे. ३००० वर थांबणारा मीटर तो पट्टा पाहतच नाही, आणि शून्य दाखवून निष्कारण समाधान देतो.

मीटर वापरण्यातली पहिली चूक माझ्याकडूनच झाली, म्हणून ती नीट सांगतो. शेजारच्या काकींच्या बलकावात, टॉवर दिसतो त्या बाजूला, मी मीटर धरून बसलो होतो. आकडा ०.४ व्होल्ट प्रति मीटरवर स्थिर असे आणि दर काही मिनिटांनी अचानक ५ च्या वर उसळी घेई. मी पाऊण तास त्या उसळ्यांच्या वेळा लिहीत होतो आणि टॉवरबद्दल मनात एक सिद्धांतही रचत होतो. चहा ठेवायला आलेल्या काकी म्हणाल्या, "सर, मघापासून तुमच्याच खिशात काहीतरी थरथरतंय." संदेश येत होते, फोन उत्तर देत होता आणि मीटर इमानेइतबारे माझ्याच शर्टाचा खिसा मोजत होता. तेव्हापासून मोजमापाआधी घरातल्या सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकायचे आणि राउटर बंद करायचा, हा नियम. राउटरचे मोजमाप हवे असल्यास ते नंतर, वेगळे घ्यावे.

मीटर छातीशी धरू नये; शरीर लहरी शोषते आणि परतवते, म्हणून तो लाकडी स्टुलावर किंवा तिपाईवर ठेवून आपण मागे सरावे. आधी खोलीत सावकाश फिरून आकडा सर्वांत जास्त येतो ती जागा शोधावी; ती बहुधा खिडकीपाशी किंवा गच्चीवर सापडते. त्या जागी १.१, १.५ आणि १.७ मीटर उंचीवर, प्रत्येक ठिकाणी सहा मिनिटांची सरासरी घ्यावी. क्षणिक कमाल आकडा लिहिण्याचा मोह टाळावा. टॉवरच्या अगदी पायथ्याशी आकडा अनेकदा कमी येतो, कारण अँटेनाचा मुख्य झोत पुढे, थोडा खाली झुकलेला असतो आणि काही अंतरावर जमिनीला भिडतो. त्यामुळे समोरच्या उंच इमारतीचा वरचा मजला आधी मोजावा. वेळही बदलून पाहावी. कळंगुटमध्ये जूनच्या दुपारी घेतलेले मोजमाप डिसेंबरच्या शनिवार रात्रीबद्दल काही सांगत नाही.

आकडे ताडताना एककांकडे लक्ष द्यावे. १ वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे १००० मिलिवॅट प्रति चौरस मीटर आणि म्हणजेच १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. व्होल्ट प्रति मीटरच्या आकड्याचा वर्ग करून ३७७ ने भागले की वॅट प्रति चौरस मीटर मिळतात: २ व्होल्ट प्रति मीटर असेल तर ४ भागिले ३७७, म्हणजे सुमारे ०.०१०६. दोन स्रोतांचे व्होल्ट सरळ मिळवू नयेत. ३ आणि ४ मिळून ७ होत नाहीत, ५ होतात, कारण बेरीज वर्गांची असते. भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठीची मर्यादा इक्निर्प या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या एक दशांश ठरवली. त्या हिशेबाने ९०० मेगाहर्ट्झला ०.४५, १८०० ला ०.९ आणि २००० च्या पुढे १ वॅट प्रति चौरस मीटर येते. मर्यादा बदलू शकते, म्हणून मोजमापाच्या दिवशी लागू असलेला आकडा पडताळून घ्यावा. साधा मीटर पट्टे वेगळे करत नाही, तेव्हा सर्वांत कडक, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झची ०.३५ ही मर्यादा धरावी, वरचे ०.०१०६ तिच्या सुमारे ३ टक्के भरतात. या मर्यादा पेशी तापण्याच्या परिणामावर आधारलेल्या आहेत. कर्करोगाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना "कदाचित कर्करोगकारक" अशा २बी गटात ठेवले, हेही खरे. मीटर मात्र फक्त लहरींचा वाटा सांगतो, अपाय नव्हे.

आपला आकडा मर्यादेच्या जवळ आला, किंवा शेजाऱ्यांचा वाद मिटत नसला, तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर जावे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर परिसरातले टॉवर नकाशावर दिसतात आणि ४००० रुपये शुल्क भरून आपल्या जागेचे अधिकृत मोजमाप मागता येते. अधिकारी येतील त्या दिवशी घरी थांबावे आणि गच्ची, झोपायची खोली अशा जागा आपण स्वतः दाखवाव्यात. आपली वही त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता यावी यासाठी प्रत्येक नोंद अशी पूर्ण असावी: गच्ची, टॉवरकडची बाजू, जमिनीपासून दीड मीटर, २.१ व्होल्ट प्रति मीटर, सहा मिनिटांची सरासरी, रविवार संध्याकाळी सात, घरातले सर्व फोन विमान मोडवर, राउटर बंद.